म्हातारपण कोण ठरवतं?



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं, ते गुरुजी प्राथमिक शिक्षक होते. त्यामुळे तरुणपण कुठे संपतं आणि म्हातारपण कुठे सुरू होतं, या आजच्या विषयाची सुरुवात मी शाळेच्या जनरल रजिस्टरपासून करतो.

महाराष्ट्रात ३१ मे हा निरोप समारंभांचा दिवस असतो. जिल्हा परिषदा, पंचायत समित्या, तहसील कचेऱ्या, पाटबंधारे खातं, जिथे जाल तिथे शाल, श्रीफळ आणि भाषणं. एकाच दिवशी इतकी माणसं निवृत्त होतात, कारण इतक्या माणसांची जन्मतारीख १ जून आहे. आणि नियम असा, की महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आधीच्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी सेवेतून मोकळा होतो. ही सगळी माणसं खरोखर १ जूनला जन्मलेली नाहीत, हे त्यांनाही ठाऊक असतं आणि त्यांना हार घालणाऱ्या साहेबांनाही.

घडलं ते असं. जूनमध्ये शाळा उघडायची. गुरुजी वाडीवस्तीवर फिरून मुलं गोळा करायचे. पोर पोळ्याच्या आदल्या दिवशी झालं, किंवा भाताची लावणी चालली होती तेव्हा झालं, हे आईला पक्कं आठवायचं. साल मात्र सांगता यायचं नाही. मग गुरुजी पोराला समोर उभं करायचे आणि उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचे. बोटं कानाला लागली तर पोर सहा वर्षांचं. नाही लागली तर पुढच्या वर्षी ये. ही परीक्षा निराधार नव्हती. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि हात आखूड असतात. पाच-सहा वर्षांच्या सुमाराला हात पुरेसे लांब होतात. पण त्यातून कळायचं ते एवढंच, की पोर शाळेत बसण्याजोगं झालं आहे. रजिस्टरात मात्र जन्मतारखेचा रकाना होता, अंकी आणि अक्षरी, आणि तो कोरा ठेवता येत नव्हता. तिथे १ जून पडला आणि अंदाजाचं साल पडलं. तीच नोंद शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आली, तिथून सेवापुस्तकात गेली, आणि बावन्न वर्षांनी तिने त्या माणसाला सांगितलं, की तुझं काम आज संपलं.

यात गुरुजींचा दोष नाही. त्या अंदाजामुळे हजारो पोरं शाळेत बसली, हे त्यांचे उपकारच. पण ज्या रेषेला आपण ठाम मानतो, जिच्या अलीकडे माणूस कामाचा आणि पलीकडे विश्रांतीचा ठरतो, ती रेषा लाखो घरांत एका भल्या माणसाच्या नजरअंदाजाने पडलेली आहे.

आपल्या गावांत ‘कागदावर तीन वर्षांनी लहान आहे’ असं लोक उघडपणे सांगतात. मुलगा नोकरीत जास्त वर्षं राहावा म्हणून एखाद्या बापाने वय कमी सांगितलेलं असतं. ज्याला नोकरीची आशाच नव्हती, त्याला पुढे उलट अडचण येते. श्रावणबाळ योजनेला ६५ वर्षं पूर्ण झाल्याचा पुरावा लागतो. मग तो आधार कार्ड, मतदार यादी, वैद्यकीय अधिकाऱ्याचा वयाचा दाखला यांच्यामागे फिरतो. एकाच घरात थोरला भाऊ शिक्षक आणि धाकटा शेतमजूर असेल, तर कागदावर धाकटा थोरल्याच्या पुढे निघून गेलेला सापडू शकतो. जनगणनेचा अभ्यास करणाऱ्यांना हे फार पूर्वीपासून माहीत आहे. शून्याने आणि पाचाने संपणाऱ्या वयांवर आपल्याकडे नेहमी गर्दी असते, कारण माणसं वय मोजून सांगत नाहीत, अदमासे सांगतात.

पण हीच माणसं स्वतःचं आयुष्य सांगताना अंदाजाने बोलत नाहीत. साताऱ्याकडची म्हातारी सांगते, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा थोरली पोटात होती. मराठवाड्यातली सांगते, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जात होते, तेव्हा अजून लग्न व्हायचं होतं. पुण्यातले आजोबा पानशेतच्या पुराच्या दिवशी आपण कुठल्या पुलावर उभे होतो ते सांगतात. १९६१, १९६७, १९७२ ही सालं त्यांना त्या वेळच्या आपल्या अंगातल्या बळावरून आठवतात: पोटुशी होते, खडी फोडू शकत होते, पुरातून म्हाताऱ्या आईला खांद्यावर घेऊन निघालो. माझ्या मते वयाचा हा हिशेब रजिस्टरातल्या हिशेबापेक्षा जास्त खरा आहे, आणि आज मला त्याचीच बाजू मांडायची आहे.

जुन्या ग्रंथांत तरी एकवाक्यता असेल असं आपल्याला वाटतं. तीही नाही. चरकसंहितेत वयाचे तीन भाग आहेत: तिशीपर्यंत बाल, साठीपर्यंत मध्य आणि त्यापुढे जीर्ण. सुश्रुत सोळापर्यंत बाल म्हणतो, सोळा ते सत्तर मध्य म्हणतो आणि सत्तरीनंतर वृद्ध. आयुर्वेदाच्या दोन आधारस्तंभांत म्हातारपणाच्या सुरुवातीविषयी दहा वर्षांचं अंतर आहे. त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की दोघांच्याही मांडणीत तारुण्याला वेगळा कप्पा नाही. सुश्रुत मध्य वयाच्या आतच वाढ, यौवन, परिपूर्णता आणि मग हळूहळू होणारा ऱ्हास असे टप्पे सांगतो. चाळिशीपासून सत्तरीपर्यंतची उतरण त्याच्या लेखी मध्य वयच आहे. तरुण वेगळा, मध्यमवयीन वेगळा, अशी भिंत त्याने घातलेली नाही. आज ज्याला आपण मध्यमवय म्हणतो, ते मला बरंचसं पगारी नोकरीचं अपत्य वाटतं. शिक्षण आणि पेन्शन यांच्या मधला काळ म्हणजे मध्यमवय. ज्याच्या आयुष्यात शिक्षण नाही आणि पेन्शनही नाही, त्याला हा मधला काळ कुठे सापडणार?

आश्रमव्यवस्थेची पंचवीस-पंचवीस वर्षांची वाटणी सगळ्यांना पाठ असते. ती शंभर वर्षं गृहीत धरते, आणि स्वातंत्र्य मिळालं त्या सुमाराला आपल्या देशात जन्माच्या वेळचं सरासरी आयुर्मान बत्तीसच्या आसपास होतं. याचा अर्थ तिशीत लोक म्हातारे होत असत, असा काढू नये. ती चूक पुष्कळ जण करतात. बालमृत्यू भयंकर होते म्हणून सरासरी खाली होती. लहानपण निभावलं तो साठीही पाहू शकत होता. आज सरासरी सत्तरच्या घरात आली आहे. पुरोहित मात्र पन्नाशीपासूनच वयोवस्था शांती सांगतात, साठीला उग्ररथ शांती, आणि ऐंशी ओलांडल्यावर सहस्रचंद्रदर्शन. पूर्वी गावात सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा क्वचित व्हायचा. आता एकाच सोसायटीत तो वर्षातून दोनदा होतो.

सरकारच्या रेषा तर एकमेकींना छेदतात. राज्य सरकारचा अधिकारी ५८ व्या वर्षी निवृत्त होतो आणि त्याच कचेरीतला शिपाई ६० व्या. उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ६२, सर्वोच्च न्यायालयाचे ६५. २००७ च्या कायद्याने ६० वर्षांचा माणूस ज्येष्ठ नागरिक. एसटी त्याला ६५ पर्यंत पूर्ण तिकीट लावते आणि ७५ नंतर, ऑगस्ट २०२२ पासून, फुकट नेते. तारुण्याचंही तसंच. २००३ च्या राष्ट्रीय युवा धोरणात युवक १३ ते ३५ वर्षांचा होता, २०१४ च्या धोरणात तो १५ ते २९ चा झाला. आपल्या राज्याच्या नोकरभरतीत खुल्या प्रवर्गाला ३८ पर्यंत आणि मागासवर्गीयांना ४३ पर्यंत मुभा आहे. म्हणून सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसलेल्या तेहतीस वर्षांच्या मुलाबद्दल घरचे ‘पोरगं अजून शिकतंय’ असं सांगतात. त्याच्याच वर्गातला, शेतीवर राहिलेला मित्र तोवर चौथीतल्या मुलीचा बाप झालेला असतो. दोघं एकाच वयाचे, पण एक तारुण्याच्या उंबरठ्यावर अडकलेला आहे आणि दुसऱ्याचं तारुण्य कधी आलं न् गेलं ते त्यालाही कळलेलं नाही.

आता १९१६ च्या पुण्याविषयी थोडं सविस्तर बोलतो, कारण त्या एका वर्षात या विषयाचं फार मोठं द्रव्य आहे.

२३ जुलै १९१६ रोजी लोकमान्य टिळकांना साठ वर्षं पूर्ण झाली. मंडालेच्या सहा वर्षांच्या कैदेतून ते दोन वर्षांपूर्वीच सुटले होते. मधुमेहाने शरीर पोखरलं होतं, पत्नी ते तुरुंगात असतानाच गेल्या होत्या. पुण्यात लोकांनी त्यांना लाख रुपयांची थैली अर्पण केली. सामान्य हिशेबाने हा निरोप समारंभ ठरायला हवा. पण त्याच दिवशी सरकारने त्यांच्यावर चांगल्या वर्तणुकीच्या जामिनासाठी नोटीस बजावली, म्हणजे साठीच्या माणसाला सरकार तरुणांइतकंच धोकादायक मानत होतं. होमरूल लीग त्यांनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्थापन केली होती. डिसेंबरात लखनौ करार घडवायला ते हजर होते.

त्याच वर्षी, त्याच गावात, धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ काढलं. एप्रिलमध्ये त्यांना ५८ वर्षं पूर्ण झाली होती. आज राज्य सरकारचा अधिकारी घरी जातो, नेमकं ते वय. फर्ग्युसन महाविद्यालयातली गणिताची प्राध्यापकी त्यांनी १९१४ मध्येच सोडली होती. म्हणजे रूढ अर्थाने ते निवृत्तच होते. पुढे एकाहत्तराव्या वर्षी ते विद्यापीठासाठी जगाच्या दौऱ्यावर निघाले, १९३६ मध्ये खेड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी मंडळ स्थापन केलं आणि १९४४ मध्ये, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, समता संघ. १९५८ मध्ये, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळालं. १९६२ मध्ये ते गेले, १०४ वर्षांचे होऊन.

आणि याच गावात वर्षभरापूर्वी गोपाळ कृष्ण गोखले अठ्ठेचाळिसाव्या वर्षी वारले होते. टिळकांच्याच सालात जन्मलेले आगरकर एकवीस वर्षांपूर्वी, चाळिशीही न पाहता गेले होते. एकाच पिढीचे, एकाच शहरातले, एकाच धकाधकीतले हे चौघे. यांच्यासाठी तुम्ही मध्यमवयाची रेषा कुठे ओढाल? योगायोग असा, की १९१६ मध्येच जर्मनीने आपल्या वृद्धापकाळाच्या पेन्शनचं वय ७० वरून ६५ वर आणलं, आणि हाच ६५ चा आकडा पुढे अनेक देशांत म्हातारपणाची खूण होऊन बसला.

टिळक आणि कर्वे यांचं उदाहरण देऊन ‘मनाने तरुण राहा’ असं सांगणाऱ्यांपैकी मी नाही. तो उपदेश सोपा आहे आणि अपुरा आहे. त्यांच्या हातातलं काम दुसऱ्या कुणालाही काढून घेता येत नव्हतं, हे त्यांचं खरं बळ होतं. ते स्वतःचं काम स्वतः ठरवत. ज्याचं काम दुसरा ठरवतो, त्याचं म्हातारपणही दुसराच ठरवतो. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांतून बाहेर पडलेला चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा साचेवाला शरीराने धडधाकट होता. पण त्याच्या हाताला जे कसब होतं, त्याला बाजारात गिऱ्हाईक उरलं नव्हतं आणि नवं शिकवायला कुणी तयार नव्हतं. गिरणगावातल्या चाळींच्या पायऱ्यांवर दिवसभर बसलेली ती माणसं एका वर्षात म्हातारी झाली.

बायकांच्या बाबतीत तर ही रेषा कधीच वयाची नव्हती. १८७३ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांची पहिली पत्नी वारली तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते. वडिलांच्या आग्रहाने दोन महिन्यांत त्यांचं दुसरं लग्न झालं, अकरा वर्षांच्या रमाबाईंशी. एकतिशीतला विधुर समाजाच्या दृष्टीने नवरदेव होता आणि अकरा वर्षांची विधवा असती तर तिचं आयुष्य संपलेलं होतं. कर्व्यांनी १८९३ मध्ये गोदूबाई या बालविधवेशी लग्न केलं तेव्हा त्यांना मुरूडमध्ये बहिष्कार सोसावा लागला. १८९९ मध्ये देवलांचं ‘शारदा’ रंगभूमीवर आलं आणि नवरदेव कितीही म्हातारा असला तरी चालतो, या समजुतीला पहिला मोठा तडा गेला.

विधवा न होताही बाईला म्हातारी करण्याच्या वाटा होत्याच. घरात सून आली की सासूने भडक रंग सोडायचे, गजरा सोडायचा, मुलाच्या खोलीपुढून जाताना खाकरायचं. लग्न लवकर होत असल्याने ही सासू पुष्कळदा चाळिशीचीही नसायची. ‘या वयात हे शोभतं का?’ हा प्रश्न पुरुषाला साठीत विचारला जातो आणि बाईला चाळिशीत. आता हे सुटत चाललं आहे, हे मी आनंदाने सांगतो. पन्नाशीत स्कूटी शिकणाऱ्या बाया माझ्या गल्लीत आहेत. जर्मनीतल्या सुमारे चौदा हजार माणसांवर अनेक वर्षं चाललेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हातारपण कितव्या वर्षी सुरू होतं, असा साधा प्रश्न त्यांना पुन्हा पुन्हा विचारला होता. उशिरा जन्मलेल्यांनी ती सीमा पुढे नेली, बायकांनी पुरुषांपेक्षा पुढे सांगितली, आणि माणूस जसजसा तिच्या जवळ गेला तसतशी त्याने ती आणखी पुढे सरकवली. प्रकृती खालावलेल्या आणि एकाकी माणसांनी मात्र ती अलीकडे ओढली.

हे निष्कर्ष वाचताना मला बीड आठवलं. सीमा पुढे सरकवायची चैन सगळ्यांना नाही. ऊसतोडीच्या हंगामात नवरा-बायकोची जोडी ‘एक कोयता’ म्हणून मुकादमाकडून उचल घेते. पहाटे फडात उतरायचं, ऊस तोडायचा, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन गाडीवर चढवायची. एखादा दिवस खाडा झाला तर दंड. पाळीच्या दिवसांतही सुटका नाही, पालावर पाण्याची सोय नाही, आणि दुखणं घेऊन दवाखान्यात गेलं की पिशवी काढून टाका हा सल्ला. २०१९ मध्ये राज्याने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यांत कित्येक जणी तिशी-पस्तिशीतल्या होत्या. त्यानंतर कंबर धरते, हाडं दुखतात, मोळी उचलवत नाही. अठराव्या वर्षाच्या आत लग्न, विशीत दोन-तीन लेकरं, पस्तिशीत पिशवी काढलेली, चाळिशीत सासू. तिच्या म्हातारपणाची सरकारी दखल घ्यायला पासष्ट उजाडावं लागतं. मधली पंचवीस वर्षं ती कोण असते? तरुण नाही, मध्यमवयीन नाही, वृद्धही नाही. आपल्या कुठल्याच रकान्यात ती बसत नाही, आणि ही माझ्या मते या विषयातली सगळ्यात मोठी लाज आहे.

शेतकऱ्याच्या घरात आणखी एक रेषा असते, आणि ती तलाठ्याच्या दप्तरात पडते. सत्तरीचा माणूस सातबाऱ्यावर नाव असेपर्यंत घरचा मालक असतो. बी कोणतं आणायचं, बैल विकायचा का, हे त्याला विचारलं जातं. मुलांच्या नावावर करून दिलं की दुसऱ्या दिवसापासून त्याचा म्हातारा होतो. कुणी वाईट वागतं असं नाही. फक्त विचारणं थांबतं. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मधला अप्पासाहेब बेलवलकर रंगभूमी सोडतो तेव्हा थकलेला नसतो. असेल ते मुलांना वाटून टाकल्यावर त्याची फरपट सुरू होते. १९७० मध्ये आलेलं ते नाटक महाराष्ट्राने इतकं मनाला लावून घेतलं, कारण प्रत्येक घरात हा व्यवहार झालेला होता किंवा व्हायचा होता. हात थरथरतात म्हणून माणूस म्हातारा होतो हे अर्धंच खरं. त्या हातांतून निर्णय काढून घेतले, की चांगल्या हातांनाही कंप सुटतो.

म्हणून दोन गोष्टी तुमच्याकडे मागतो. ज्या घरांत जमीन, घर, पासबुक अजून आईवडिलांच्या नावावर आहे, तिथे ते त्यांच्या नावावरच राहू द्या. द्यायचंच असेल तर बक्षीसपत्रात सांभाळ करण्याची अट स्पष्ट लिहून घ्या. अशी अट असेल आणि ती पाळली नाही, तर ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याच्या २३ व्या कलमाने उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाला तो व्यवहार रद्द ठरवता येतो. आणि दुसरं, ऊसतोड, वीटभट्टी, खाणकाम यांत ज्यांनी अंग झिजवलं, त्यांच्या वृद्धापकाळाच्या मदतीला पासष्टची अट नको. ती पन्नासवर आणावी, आणि जन्मतारखेच्या दाखल्याऐवजी किती हंगाम काम केलं हे पाहावं. इथे बीड, अहिल्यानगर, जालन्याकडचे श्रोते आहेत. येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा आणि मंजूर करून तहसीलदारांकडे पाठवा.